गिअरबॉक्स पक्कम

सोमवारी दिवाळीच्या दिवशी लागलेला पाऊस बुधवारीही हटला नव्हता, आणि त्या पावसात चारूने सगळ्या इमारतीसमोर तोंड उघडलं.

"काय गरज होती?" असं तिच्या नवऱ्याने, मुरलीने, नंतर तिला तीनदा विचारलं. गरज होती. मैलापूरच्या त्या तीन मजली जुन्या इमारतीत घरं सहा आणि खाली पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या जागाही सहा. कोपऱ्यातल्या जागेवर चारूच्या सासऱ्यांची पांढरी ॲम्बॅसिडर तीन महिने जागची हलली नव्हती. क्लच गेला होता. दुसऱ्या मजल्यावरचा श्रीवत्स हा इमारतीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण नियम दिसला की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. शिवाय त्याने नुकतीच दुसरी गाडी घेतली होती आणि ती बिचारी बाहेर रस्त्यावर गुडघाभर पाण्यात उभी राहायची. त्याने जिन्याखाली नोटीस लावली. जी गाडी स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर जाऊन परत येत नाही ती भंगार. तिच्या मालकाला रविवारी सकाळी अकराच्या बैठकीपर्यंत मुदत. त्यानंतर क्रेन येईल आणि जागा नव्याने वाटली जाईल.

गावाकडे बांध कोरतात, शहरात पार्किंग कोरतात, एवढाच काय तो फरक. चारू फलटणकडच्या एका खेड्यातली. हातभर बांधासाठी दोन चुलत्यांनी तेरा वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी घेतलेलं नाही हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा आठ फूट रुंद आणि सोळा फूट लांब जागा म्हणजे केवढं रान, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

बुधवारी संध्याकाळी शेडमध्ये पाच-सहा माणसं जमली. सासरे चंद्रमौळी राव काठीवर रेलून उभे होते. पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला हा माणूस, चार महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ते तमिळमध्ये श्रीवत्सला सांगत होते की दिवाळीला सगळे मेकॅनिक आपापल्या गावी गेलेत, ते यायला आठ दिवस लागतील, तेवढे दे. श्रीवत्स हसला आणि नम्रपणे म्हणाला, "सार, गाडीचं वय झालं. कधीतरी सोडावंच लागतं."

रावांनी मान खाली घातली आणि काठीने फरशीवरचं पाणी उगीच बाजूला सारलं. ही खाली गेलेली मान चारूला बघवली नाही. ती पुढे झाली आणि लग्नानंतरच्या आठ महिन्यांत जमवलेलं सगळं तमिळ एकदम खर्च करून म्हणाली की रविवारी ही गाडी आपल्या चाकांवर फाटकाबाहेर जाईल.

म्हणजे तिला तसं म्हणायचं होतं. तमिळमध्ये रविवार म्हणजे 'ञायिरु' आणि कुत्रं म्हणजे 'नाय'. घाईत तिने कुत्र्याचा वार करून टाकला. शेडमधली सगळी माणसं हसली. वॉचमन रामस्वामीसुद्धा तोंड फिरवून हसला. चारूचे कान तापले, पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही. श्रीवत्सने हसू आवरून वहीत लिहून घेतलं, "रविवार."

वर घरात आल्यावर राव खुर्चीत बसले.

"के बोललीस तूं, कळतें का तुला?"

"बोलले ते बोलले, मामंजी."

"कोण करणार?"

"मी."

ह्या घरात दोन मराठ्या नांदत होत्या. रावांची तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत येऊन तिथेच मुरलेली. आणि चारूची, परवा आलेली. रावांच्या मते खरी शुद्ध मराठी त्यांचीच, कारण ती राजांबरोबर आली होती. चारूची म्हणजे मुंबईच्या पाण्याने बिघडलेली. फलटण आणि मुंबई यांच्यात किती कोस आहेत हे ऐकून घ्यायला ते कधी तयार नसत. ती "काय" म्हणाली की ते "के" म्हणत, ती "म्हणून" म्हणाली की ते "मणून" म्हणत, आणि वर शाळेतल्या मुलीला दुरुस्त करावं तसे तिच्याकडे बघत. चारू मात्र खुद्द शाळेत हिंदी शिकवायची. तिथे ती दुरुस्त करायची आणि घरी स्वतः दुरुस्त व्हायची.

"तुला क्लच मणजे के ते माहीत आहे?"

"वडील विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. बारावीपर्यंत पाने मीच हातात द्यायचे. ट्रॅक्टरचा क्लच दोनदा उतरवलाय आम्ही, भर उन्हात."

सासूबाई अलमेलू आतून ताक घेऊन आल्या. "क्लच गेला नाहीं, ह्यांनीं घालवला," त्या म्हणाल्या. "पाय सदा त्याच्यावर. बैलगाडींत बसल्यासारखे. तीस वर्षें सांगतें."

रावांनी ताक घेतलं आणि पेला तोंडाला लावून ठेवला.

गुरुवारी कलेक्टरांनी पावसामुळे शाळांना शनिवारपर्यंत सुट्टी जाहीर केली. इंद्रदेवाने चारूच्या बाजूने केलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. सकाळी सातला ती मुरलीची जुनी पँट आणि स्वतःचा फाटका कुडता घालून खाली उतरली. केसांना तिने गच्च फडकं बांधलं. रावांनी कारखान्यातून निवृत्त होताना आणलेले लाकडी स्लीपरचे चार ठोकळे माळ्यावर होते, ते काढले. जॅक लावून एकेक चाक उचललं आणि खाली ठोकळे सरकवले. रामस्वामीने न मागता एक पुठ्ठ्याचं खोकं उलगडून गाडीखाली अंथरलं. कालच्या हसण्याची ती भरपाई असावी.

राव प्लास्टिकच्या खुर्चीत गाडीच्या शेजारी बसले. त्यांना वाकायची मनाई होती. म्हणजे खाली काय चाललंय ते त्यांना दिसायचं नाही. दिसायचे फक्त चारूचे पाय. त्या दोन पायांकडे बघून त्यांनी चार दिवस हुकूम सोडले.

"आधीं मागच्या चाकांकडचा दांडा काढ. चार बोल्ट. खूण करून ठेव, नाहीं तर गाडी चालतांना थरथरेल."

चार बोल्टांना दीड तास लागला. गंजाने बोल्ट आणि नट यांचं लग्न लागलेलं होतं. चारूने त्यांच्यावर रॉकेल ओतलं, थांबली, पुन्हा ओतलं. उताणं पडून हात वर करून पाना ओढायचा म्हणजे खांद्यात आग होते, आणि सुटलेला गंज सरळ डोळ्यांत पडतो. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून पाण्याची धार नेमकी तिच्या पोटरीवर पडत होती. पाना निसटला तेव्हा मधल्या बोटाची कातडी सोलली गेली. तिने ते बोट तोंडात घातलं, तर तोंडात ग्रीस.

येणारी-जाणारी माणसं वाकून बघत होती. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने रावांना तमिळमध्ये विचारलं, "सुनेला खाली घातलंत?" त्या प्रश्नात दया होती आणि तीच चारूला जास्त झोंबली. राव म्हणाले, "मी घातलं नाही. ती गेली." त्यांच्या आवाजात थोडी ऐट आहेसं तिला वाटलं, पण गाडीखालून नक्की सांगता येईना.

शुक्रवारी दुपारपर्यंत गिअरबॉक्स सोडून बाकी सगळं सुटलं. आता खरी अडचण आली. गिअरबॉक्स म्हणजे ओतीव लोखंडाचं धूड, शेळीच्या वजनाचं. तो छातीवर झेलायचा म्हणजे बरगड्या जायच्या. कारखान्यात त्याच्यासाठी चाकांचा जॅक असायचा, असं राव म्हणाले.

चारू खालून बाहेर आली, भिंतीला टेकून बसली आणि गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "विहिरीतनं मोटर काढतात तशी काढू."

"के?"

"वरनं. दोरानं."

गाडीच्या आत गिअरच्या दांड्याभोवतीचं पत्र्याचं झाकण काढलं की खाली गिअरबॉक्स दिसतो. तिने गाडीची पुढची दोन्ही दारं उघडली, एक जाड लाकडी बल्ली ह्या दारातून त्या दारापर्यंत आडवी घातली, दोन्ही टोकांखाली विटा रचल्या आणि बल्लीवरून सुती दोर त्या भोकातून खाली सोडला. खाली जाऊन गिअरबॉक्सला दोन वेढे घातले. दोराचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे. मुरली बँकेत, नुंगंबाक्कमला. रामस्वामी फाटकावर.

"मी धरतें," अलमेलू म्हणाल्या आणि निऱ्या खोचून मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"अहो अम्मा, जड आहे."

"साठ वर्षें विहिरीचें पाणी काढलें. तूं सोड."

शेवटचा बोल्ट सुटला. गिअरबॉक्स मागे सरकला, हलला, आणि दोर ताणला गेला. बल्ली करकरली. अलमेलूंनी पाय पुढच्या सीटला टेकवून दोर हात हात सोडायला सुरुवात केली, आणि ते धूड लग्नातल्या नवरीसारखं सावकाश खाली येऊन गोणपाटावर बसलं. खुर्चीतून राव आ वासून बघत होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असलं काही बघितलं नव्हतं, आणि ज्यांनी दोर धरला होता त्यांच्याबरोबर बावन्न वर्षं संसार करूनही बघितलं नव्हतं.

क्लचची जुनी थाळी बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजलेलं होतं. अलमेलूंनी ती हातात घेतली, नवऱ्यासमोर धरली आणि परत दिली. त्यांना जे म्हणायचं होतं ते थाळीने म्हटलं होतं.

मुरली संध्याकाळी पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या गल्लीतून नवी थाळी घेऊन आला. थाळीच्या मध्यभागी एका बाजूला मूठ उंच आलेली, स्प्रिंगांसकट फुगीर. दुसरी बाजू जवळजवळ सपाट. आता हे एवढंच लक्षात ठेवायचं की एक बाजू फुगीर आहे आणि एक सपाट. कारण पुढचा सगळा घोटाळा तिथेच आहे.

शनिवारी सकाळी पाऊस असा काही कोसळत होता की पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. थाळी बसवताना ती बरोबर मध्यावर यावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात शिरत नाही. त्यासाठी एक खास खुंटी असते, ती नव्हती. चारू वर जाऊन अलमेलूंचं बारीक लाटणं घेऊन आली आणि त्याला चिकटपट्टीचे वेढे देऊन नेमक्या जाडीचं केलं.

"आणि पोळ्या मी के दंडावर लाटूं?" अलमेलूंनी जिन्यातून विचारलं. 

चारू खाली आडवी झाली. छातीवर थाळी, दातांत एक बोल्ट. वरून रावांचा आवाज आला. तो पावसातून आला म्हणजे अर्धाच आला.

"...उंच... गिअरबॉक्स पक्कम! कळलें का? गिअरबॉक्स पक्कम!"

"पक्कं?" चारूने दातांतला बोल्ट काढून ओरडून विचारलं.

"पक्कम, पक्कम!"

"पक्कं करते, मामंजी!"

ते पक्कम म्हणाले, ती पक्कं म्हणाली, आणि दोघांचंही समाधान झालं. तिने थाळी हाताला आली तशी चढवली, लाटण्यावर मध्य साधला, वरून दाबाची प्लेट लावली, आणि जीव खाऊन बोल्ट आवळले. मग अलमेलू आत, दोर बल्लीवर, आणि ह्या वेळी सुट्टीवर असलेला मुरलीही दोराला. गिअरबॉक्स वर गेला, डुलला, आणि तिसऱ्या प्रयत्नात त्याचा दांडा थाळीत शिरला. 'खट्' असा आवाज आला. चारूने खाली पडल्यापडल्या मूठ हवेत उगारली. मग सासऱ्यांचा हुकूम आठवून तिने गिअरबॉक्सचा एकेक बोल्ट असा पक्का केला की पान्याचा वळ तळहातावर उमटला. पाण्याच्या नळाचा दोन हात लांब तुकडा पान्यावर चढवून तिने शेवटचा वेढा दिला.

दुपारी दोनला गाडी ठोकळ्यांवरून उतरली. मुरलीने बॅटरी भरून आणली होती. चारू सीटवर बसली. इंजिन दोनदा खोकून चालू झालं, आणि तीन महिन्यांनी तो आवाज ऐकून राव खुर्चीतून उठून उभे राहिले. तिने क्लच दाबला आणि गिअर टाकला.

कर्रर्र.

सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. खाली जाऊन पेडलचा दांडा कमी केला, जास्त केला, कर्रर्र. वरच्या गॅलरीतून श्रीवत्सने वाकून बघितलं आणि सभ्यपणे आत गेला. त्याने हसून घेतलं असतं तरी बरं झालं असतं.

राव पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "चारू, थाळीची उंच मूठ कुठल्या पक्कम ठेवलीस?"

"पक्कंच केलंय. सगळे बोल्ट. नळाचा तुकडा लावून आवळलेत."

"तें नव्हे. कुठल्या पक्कम?"

"अहो, तुम्हीच ओरडत होता ना, गिअरबॉक्स पक्कं, गिअरबॉक्स पक्कं! तसंच केलं की!"

मुरलीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. घरात दोन्ही मराठ्या आणि वर तमिळ जाणणारा तो एकटाच. "चारू," तो हळूच म्हणाला, "पक्कम म्हणजे बाजू. तमिळमध्ये."

"मामंजी तर मराठीत बोलत होते."

दोघांनी रावांकडे बघितलं.

"तें मराठीच," राव म्हणाले.

"नाहीं, अप्पा. तमिळ."

"काहीं तरी बोलूं नको. माझी आजी पक्कम मणत असे. तिला तमिळ येत नव्हतें."

"तिला येतंय हे तिला माहीत नव्हतं, अप्पा."

 अठ्ठ्याहत्तर वर्षं रावांनी जो शब्द घरचा समजून पोसला तो शेजारचा निघाला. मग त्यांनी चारूला विचारलं, आणि कधी नव्हे ते खरंच विचारण्यासाठी विचारलं, "मग तुम्ही के मणतां त्याला?"

"बाजू."

"बाजू," त्यांनी म्हणून बघितलं. नव्या दातांची कवळी लावल्यावर जीभ फिरवतात तसं.

पण चारूचं ह्या गमतीकडे लक्षच नव्हतं. थाळी उलटी बसली होती. तिची फुगीर मूठ इंजिनाला घासत होती, म्हणून क्लच सुटत नव्हता. म्हणजे सगळं पुन्हा काढायचं. मागचा दांडा, दोर, बल्ली, गिअरबॉक्स, सगळं. आणि उद्या अकराला बैठक. तीन दिवसांचे सोललेले हात मांडीवर ठेवून ती गाडीच्या उघड्या दारात बसली आणि सरळ रडायला लागली. तोंड लपवायलाही तिने हात उचलले नाहीत, कारण ते ग्रीसने भरले होते. "मी कशाला बोलले," ती म्हणाली. "मला भाषासुद्धा येत नाही इथली. आणि इथली मराठीही येत नाही."

राव काठी टेकत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ऊठ," ते म्हणाले. "आमच्या शॉपमध्यें एक नियम होता. खालच्या माणसाचें काम उलटें बसलें तर आधीं फोरमनला विचारायचें, तूं सांगितलेंस कसें? चूक माझी आहे. काम तुझें चोख आहे. इतकें चोख आहे कीं अत्तां बोल्ट सुटणार नाहींत."

आठ महिन्यांत त्यांनी तिला प्रथमच शाबासकी दिली होती, आणि तीही शिवीसारखी. चारूने दंडाने नाक पुसलं आणि पाना उचलला.

बोल्ट खरंच सुटेनात. जे गंजाने तीस वर्षांत केलं नव्हतं ते चारूने एका सकाळीत केलं होतं. ती नळाच्या तुकड्याला लोंबकळली, मग पायाने दाबलं. शेवटी मुरलीने घड्याळ काढून खिशात ठेवलं, आणि जन्मात कधी मोटारीखाली न गेलेला तो बँकेतला माणूस इस्त्रीच्या शर्टासकट तिच्याशेजारी पाण्यात आडवा झाला. दोघांनी मिळून एकदम जोर लावला. बोल्ट अशी किंकाळी मारून सुटला की जिन्यातलं मांजर पळालं. "सुटला!" मुरली ओरडला, आणि त्या चिखलात बायकोकडे बघून असा हसला की लग्नातही हसला नव्हता.

पण गंमत अशी की पहिल्यांदा ज्याला दोन दिवस लागले होते ते ह्या खेपेला तीन तासांत झालं. हातांना वाट पाठ झाली होती. कुठला बोल्ट कुठल्या सांदीत, कुठे कोपर ठेवायचं, दोर कुठे थांबवायचा हे सांगावं लागत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी गिअरबॉक्स पुन्हा गोणपाटावर बसला होता; शेडमध्ये दिवा नव्हता म्हणून बाकीचं काम सकाळवर टाकलं.

रविवारी सकाळी सहाला राव आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, धुतलेला शर्ट घालून खुर्चीत हजर होते. पाऊस थांबलेला, पण आभाळ भरलेलं. चारूने गाडीखाली जाऊन थाळी हातात धरली.

"चारू. उंच मूठ तुझ्या पोटाकडे. सपाट अंग तुझ्यापासून लांब. के करणार, सांग."

"उंच पोटाकडे."

"हात लावून सांग."

"लावला. पोटाकडे आहे."

"बाजू बरोबर?" राव म्हणाले. नवा शब्द त्यांनी जरा जपूनच वापरला.

"बाजू बरोबर, मामंजी."

लाटण्याने मध्य साधला. अलमेलू दोराला बसल्या. गिअरबॉक्स वर गेला आणि पहिल्याच धक्क्याला आत शिरला. आणि तरी वेळ पुरेना. सव्वादहाला मागच्या दांड्याचा एक बोल्ट सापडेना; मुरली गाडीभोवती ओणवा फिरत होता, अलमेलू आत सीटखाली चाचपत होत्या. शेवटी तो चारूच्याच केसांच्या फडक्यात निघाला. पावणेअकराला गाडी ठोकळ्यांवरून उतरली. तोवर बैठकीची माणसं खुर्च्या मांडून शेडच्या तोंडाशी बसली होती. श्रीवत्सच्या मांडीवर वही होती.

चारूला हात धुवायलाही सवड नव्हती. ती तशीच चाकामागे बसली. राव काठी आत घेऊन शेजारी बसले. अलमेलू मागे होत्याच. त्या दोर सोडल्यापासून उतरल्याच नव्हत्या.

इंजिन लागलं. तिने डावा पाय क्लचवर ठेवला.  तिने दाबला आणि दांडा पहिल्या गिअरकडे नेला.

गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

"सोड," राव म्हणाले. "हळू. अंडें ठेवलें आहे समज."

गाडी हलली. सहाच्या सहा घरांची माणसं बघत असताना ती पांढरी ॲम्बॅसिडर खुर्च्यांमधून वाट काढत निघाली. रामस्वामीने फाटक उघडून, कुणी सांगितलं नसताना, सलाम ठोकला. रस्त्यावरचं पाणी दोन बाजूंना उडालं. नियम फाटकाबाहेर जाऊन परत येण्याचा होता. चारूने वळवायला चाक फिरवलं, तर रावांनी काठीने पुढे दाखवलं.

"सरळ घे."

"बैठक खोळंबलीय, मामंजी."

"खोळंबूं दे. तीन महिने मी खोळंबलों."

त्यांनी देवळाच्या तळ्याला पूर्ण वळसा घातला. दुसरा गिअर, तिसरा, वळणावर पुन्हा दुसरा. राव प्रत्येक वेळी कान लावून ऐकत होते, आणि आवाज आला नाही की मान हलवत होते. मागून अलमेलू फुलवाल्यांना ओळखून हाका मारत होत्या. चारूला हसू आवरेना. कुडता ओला, बोटं सोललेली, गालावर ग्रीस. आणि सबंध मैलापूर आपल्यासाठी धुऊन ठेवलंय असं तिला वाटत होतं.

परत येऊन तिने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि त्या आठ फुटांच्या जागेत एका दमात बसवली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. श्रीवत्स उठून जवळ आला. त्याचा चेहरा पडला नव्हता, पण नियम जिंकला तरी आपण हरलो अशा काहीशा बुचकळ्यात तो होता.

"सार, चांगलं काम झालं," तो म्हणाला. "कुठला मेकॅनिक?"

रावांनी काठी चारूकडे केली आणि खणखणीत तमिळमध्ये, शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही. गिअरबॉक्स दोनदा उतरवला. पहिल्यांदा तिच्या हिमतीने, दुसऱ्यांदा माझ्या चुकीने. लिहून घे वहीत."

श्रीवत्सने वही उघडली. बहुधा त्याला आणखी काही विचारायचं होतं. महिन्यातून किती वेळा चालवणार वगैरे. पण त्याच्या बाजूने एक नव्वारी जरीचं पातळ आणि फुलांची परडी पुढे सरकली. त्याची आई, ऐंशीच्या घरातल्या कोमळवल्ली मामी. रस्त्यात पाणी साचल्यापासून पाच दिवस त्यांना देवळात जाता आलं नव्हतं. मुलाच्या नव्या गाडीला पाण्याची भीती वाटायची. त्यांनी मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. मागचं दार उघडून त्या अलमेलूंच्या शेजारी बसल्या, परडी मांडीवर घेतली आणि चारूच्या खांद्यावर थोपटलं.

"कोविल," त्या म्हणाल्या. देऊळ.

हा शब्द चारूला येत होता. तिने श्रीवत्सकडे बघितलं. तो वही बंद करून बाजूला झाला. दुसरं करतो काय? सख्खी आईच भंगारात जाऊन बसली होती. चारूने क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गाडी पुन्हा फाटकाकडे निघाली.